चोवीस ग्रॅम

‘सील्स परफेक्ट अँड अ‍ॅज पर कॉपी सेंट.’ सरकारी प्रयोगशाळेतली माझी सगळी नोकरी या एका वाक्याच्या सोबतीनं झाली. पोलीस ठाण्यातून पाकीट आलं की आधी त्यावरचं लाखेचं सील सोबतच्या पत्रावरच्या नमुना सीलशी ताडून बघायचं, पाकीट कुठं उसवून पुन्हा चिकटवलंय का ते पाहायचं, काट्यावर ठेवायचं आणि मग हे वाक्य लिहायचं. त्याखाली वर्णन: हिरवट तपकिरी फुलोऱ्याचे शेंडे, सोबत बिया व पानं. शेवटी निकाल: नमुना गांजाचा आहे, एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा १९८५, कलम २(तीन)(ब). पान-दीड पानाचा कागद. आमच्या नगरच्या न्यायालयात वकिलापासून आरोपीच्या आईपर्यंत सगळे त्याला ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात. मुंबई इलाख्यात सरकारी रसायनतज्ज्ञाचा हुद्दा ‘केमिकल अ‍ॅनलायझर’ होता, त्याची ही आठवण. हुद्दे बदलले, कागदाला तेच नाव राहिलं.

या कागदावर माणूस आत जातो. गांजा एक किलोपर्यंत असेल तर जास्तीत जास्त वर्षभराची कैद, वीस किलोच्या वर गेला तर कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त वीस वर्षं. एवढं ओझं ज्या कागदावर आहे, तो लिहिणाऱ्याला कोणी तपासलं, हा प्रश्न नोकरीत असताना विचारायची सोय नव्हती. हाताखाली पाकिटांचा ढीग असायचा. निवृत्त होऊन सावेडीत राहायला आल्यावर वेळ मिळाला आणि मी उलट्या दिशेनं वाचत गेले. एडिनबरोच्या नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडनं ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’चे १८९४ चे खंड संगणकावर सगळ्यांसाठी खुले केले आहेत. ते उघडले, तर मुंबई इलाख्याच्या भागात आपलाच जिल्हा समोर उभा.

मी मूळची नेवाशाकडची. आमच्याकडं गांजा म्हणजे पेपरातली बातमी: उसाच्या फडात, तुरीच्या ओळींच्या आड लावलेली झाडं, पोलिसांनी उपटलेली, शेजारी उभे अधिकारी. पण सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी हे पीक लपवायचं नव्हतंच. मुंबई इलाख्यात गांजाची लागवड जिथं मुख्यतः होत असे, त्यात नगर अग्रभागी होतं. बंगालात राजशाहीकडचं नौगाव, मध्य प्रांतात खांडवा, मद्रासकडं कृष्णा जिल्हा आणि जवादी डोंगर, तसं पश्चिमेकडं नगर. १८७८ चा मुंबईचा अबकारी कायदा दारूबरोबर गांजालाही लागू होता. विक्रीचे मक्ते लिलावानं जात. शेतकऱ्याच्या लेखी तो ज्वारी-बाजरीसारखाच एक जिन्नस, फक्त गिऱ्हाईक ठरलेलं.

पीक मात्र कटकटीचं. या वनस्पतीत नर आणि मादी झाडं वेगळी. नराचे पराग मादीच्या फुलांवर बसले की बी धरतं, राळ कमी होते, माल हलका पडतो. म्हणून फुलोरा यायच्या आत रानभर फिरून नर ओळखायचे आणि उपटून टाकायचे. नौगावला या कामासाठी ‘पोद्दार’ नावाचे कसबी लोकच असत. इंग्रज साहेब त्यांना ‘गांजा-डॉक्टर’ म्हणत. एक जरी नर नजरेतून सुटला तरी आजूबाजूच्या मालात बी दिसायचं आणि व्यापारी भाव पाडायचा. तळहातावर शेंडा चोळायचा, राळ किती चिकटते ते बघायचं, वास घ्यायचा, आणि मग बोटांनी उकलून काडी किती, पान किती, बी किती याचा अंदाज घ्यायचा. प्रयोगशाळा नव्हती, पण परीक्षा होती, आणि ती रोज बाजारात दोन्ही बाजूंच्या स्वार्थानं घासली जात होती.

काडी, पान, बी. या तीन गोष्टी लक्षात ठेवा, पुढं त्या न्यायालयात येणार आहेत.

बंगालच्या अबकारी खात्यानं या तीन गोष्टींचं शास्त्रच केलं होतं. तिथं मालाचे तीन प्रकार धरत: तुडवून चपटा केलेला, वळून गोल केलेला, आणि चूर. चपट्यात काडी जास्त, म्हणून शेरामागं कर सगळ्यांत कमी. गोल गांजात काडी कमी, कर त्याहून जास्त. चुरात काडी जवळपास नाहीच, म्हणून कर सगळ्यांत चढा. म्हणजे वजनात काडी आली तर ती गांजा नव्हे, हे महसूल गोळा करणाऱ्या कारकुनालाही कळत होतं आणि त्यानं ते दरातच लिहून ठेवलं होतं. आमच्या बाजूचा माल चपटा असे. लंडनच्या औषधबाजारात ‘मुंबई गांजा’ म्हणजे चपटा आणि ‘कलकत्ता गांजा’ म्हणजे गोल, अशीच ओळख होती.

आता त्या हेम्प ड्रग्ज आयोगाकडं येते. मार्च १८९३ मध्ये विल्यम केन या दारूबंदीवाल्या खासदारानं ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न टाकला: बंगालात गांजामुळं लोक बिघडतात म्हणतात, सरकार चौकशी करणार का? सरकारनं आयोग नेमला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. मुंबईकडून पंचमहालचे कलेक्टर ओमॅनी. तीन हिंदी सभासद: राजा शशिशेखरेश्वर रॉय, कंवर हरनाम सिंग, लाला निहालचंद. आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाचा माणूस, सर्जन-मेजर सी. जे. एच. वॉर्डन, कलकत्ता मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्राचा प्राध्यापक आणि बंगाल सरकारचा केमिकल एक्झामिनर. म्हणजे आमच्याच धंद्यातला. मुंबईच्या सरकारी औषधभांडाराचे विल्यम डायमॉक, उटकमंडचे डेव्हिड हूपर आणि हा वॉर्डन, या तिघांनी मिळून ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा देशी औषधांचा ग्रंथ नुकताच पुरा केला होता. चौकशीच्या खुर्चीत रसायनतज्ज्ञ बसवायचं त्या काळच्या सरकारला सुचलं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

आयोगानं १,१९३ साक्षीदार ऐकले आणि सात खंड छापले. एका माकडाला महिनोन्महिने गांजाचा धूर दिला आणि नंतर त्याचा मेंदू तपासला. असल्या गोष्टी त्यात पुष्कळ आहेत, त्या जाऊ द्या. मला खिळवून ठेवलं ते वेड्यांच्या इस्पितळांच्या प्रकरणानं.

१८९२ साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या या इस्पितळांत १,३४४ माणसं दाखल झाली. त्यांपैकी २२२ जणांच्या वेडाचं कारण नोंदवहीत गांजा, भांग किंवा चरस असं लिहिलेलं होतं. वर्षानुवर्षं हेच आकडे सरकारी अहवालांत जात, तिथून वर्तमानपत्रांत, तिथून पार्लमेंटात. छापील आकडा, सरकारी शिक्का, कोण शंका घेणार? आयोगानं घेतली. प्रत्येक माणसाचा मूळ कागद मागवला आणि ‘कारण’ या रकान्यात ते अक्षर आलं कुठून, याचा माग काढला. इस्पितळातल्या डॉक्टरनं ते बहुतेक वेळा लिहिलेलंच नव्हतं. माणूस पोलिसांनी आणलेला, सोबत वर्णनाचा कागद, त्यात कारणाचा रकाना. तो रिकामा ठेवलेला वरिष्ठांना चालत नसे. मग शिपायानं शेजाऱ्याला विचारलं, शेजारी म्हणाला, चिलीम ओढायचा. झालं, कारण मिळालं. इस्पितळातल्या कारकुनानं तो रकाना जसाच्या तसा नोंदवहीत उतरवून घेतला आणि त्या दिवसापासून ते वैद्यकीय सत्य झालं. घरात दारू असो, ताप असो, पिढीजात वेड असो, खापर गांजावर.

छाननीनंतर २२२ पैकी ९८ उरले, आणि त्यांतही ३७ जणांच्या बाबतीत गांजाबरोबर दुसरी कारणं होती. अर्ध्याहून जास्त आकडा नुसता कागदाला कागद लावून तयार झालेला.

या आयोगाचं नाव आज निघतं ते त्याच्या निष्कर्षासाठी: बेतानं घेतला तर गांजा फारसं नुकसान करत नाही, बंदी नको, कर आणि परवाने हवेत. गांजाच्या बाजूचे लोक ते वाक्य मिरवतात, विरुद्ध बाजूचे त्यावर चिडतात. मला त्या वादात रस नाही. माझ्या मते आयोगाचं खरं काम ते नोंदवहीचं आहे. सरकारी शिक्क्याच्या कागदामागं कोण उभा आहे, त्यानं डोळ्यांनी काय पाहिलं आणि ऐकीव काय लिहिलं, हे विचारायची पद्धत त्यांनी दाखवली. आज आम्ही ज्याला मान्यता किंवा अ‍ॅक्रेडिटेशन म्हणतो, त्याचं मूळ काम हेच.

आयोगानंतर मुंबई इलाख्यातही लागवडीला परवाना, माल सरकारी कुलपाखाली गोदामात आणि बाहेर पडताना शेरावर कर, अशी बंगालच्या धर्तीची पद्धत आली. वजन म्हणजे महसूल, त्यामुळं वजनावर डोळा ठेवणारे पुष्कळ होते.

गुण मात्र कोणालाच मोजता येत नव्हता. केंब्रिजला वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफील्ड या तिघांनी १८९६ च्या सुमारास हिंदुस्थानी चरसातून ‘कॅनाबिनॉल’ वेगळं काढलं आणि नशेचं मूळ सापडलं असं काही काळ सगळ्यांना वाटलं. ते मूळ नव्हतं. माल जुना झाला, ऊन-हवा लागली की खरं द्रव्य मोडून जे उरतं, ते कॅनाबिनॉल. खरं द्रव्य, टीएचसी, इस्रायलच्या गाओनी आणि मेकोलम यांनी वेगळं काढलं ते थेट १९६४ मध्ये. मधल्या काळात विलायतेतला औषधवाला हिंदुस्थानी गांजाचा अर्क विकत होता, पण एका बाटलीनं रोगी झिंगायचा आणि दुसरीनं काहीच व्हायचं नाही. अमेरिकेच्या औषधसंहितेनं १९१६ मध्ये शेवटी कुत्र्यांचा आधार घेतला. अर्क कुत्र्याला पाजायचा आणि त्याचे पाय लटपटतात का ते बघायचं. लटपटले तर माल पास. हे मी थट्टेनं लिहीत नाही. दुसरं साधनच नव्हतं. १९३२ मध्ये ब्रिटिश औषधसंहितेतून गांजा गेला, १९४२ मध्ये अमेरिकेच्या. कायदे आणि नवी औषधं ही कारणं होतीच, पण मात्रा सांगता येत नाही ते औषध डॉक्टर किती दिवस लिहून देणार?

इकडं १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं दारूसोबत गांजालाही घेतलं. नगरची शेती तोवर उसाकडं वळली होती, प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहत होता. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारतानं सही केली आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून एनडीपीएस कायदा आला. त्यानं गांजाची व्याख्या करारातूनच घेतली: फुलोऱ्याचे किंवा फळं धरलेले शेंडे. सोबत शेंडे नसतील तर बिया आणि पानं गांजा नव्हेत.

म्हणजे पुन्हा काडी, पान, बी.

प्रयोगशाळेत या पाकिटाचं काय होतं, ते सांगते. आधी सूक्ष्मदर्शक. पानाचा चिमूटभर तुकडा काचेवर ठेवला की अस्वलाच्या नखासारखे वाकडे केस दिसतात. त्यांच्या बुडाशी चुन्याचा खडा असतो. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडला की तिथून बुडबुडे निघतात. मग रंगाची चाचणी. दुकेनॉ नावाच्या फ्रेंच औषधशास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात बसवलेली, पुढं लेव्हाइननं सुधारलेली. पेट्रोलियम ईथरमध्ये नमुना भिजवायचा, गाळायचा, ईथर उडवायचं. उरलेल्या लेपावर व्हॅनिलिन आणि अ‍ॅसिटाल्डिहाइडचं अल्कोहोलमधलं मिश्रण, वर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल. नळी हलवली की निळा-जांभळा रंग चढतो. इथं घाई करायची नाही. क्लोरोफॉर्म घालून पुन्हा हलवायची आणि रॅकमध्ये उभी ठेवायची. खाली बसलेल्या क्लोरोफॉर्मच्या थरात जांभळा रंग उतरला, तर पुढं जायचं. वरच राहिला तर तो दुसऱ्या कशाचा तरी असू शकतो. कॉफीसारखे पदार्थही या चाचणीच्या पहिल्या टप्प्यावर रंग दाखवून फसवतात. मग पातळ थराची पट्टी, तिच्यावर फास्ट ब्लू बी या रंगद्रव्याचा फवारा: सीबीडी या गांजातल्या दुसऱ्या द्रव्याचा ठिपका नारिंगी, टीएचसीचा लाल, कॅनाबिनॉलचा जांभळा. अलीकडं गॅस क्रोमॅटोग्राफ आले, त्यांनी शंका आणखी कमी केली.

मी नवीन होते तेव्हा या सगळ्याबरोबर एक कोरी नळी आणि एक खात्रीच्या नमुन्याची नळी लावायची असते, हे पुस्तकात होतं, पण टेबलावर क्वचित दिसायचं. व्हॅनिलिनचं मिश्रण जुनं झालं की रंग नीट येत नाही. नळी आधीच्या नमुन्यानं बरबटलेली राहिली तर नसलेला रंग येतो. कोरी नळी जांभळी झाली तर दोष नमुन्यात नाही, तुमच्या काचेत आहे, एवढंच ती सांगते. ज्यांनी ती लावली नाही ते सगळे खोटे होते असं नाही. बहुतेकांचे निकाल बरोबरच असणार. पण ‘असणार’वर कोणाला दहा वर्षं टाकता येत नाहीत.

मान्यता म्हणजे ही कोरी नळी सक्तीची करणं. एनएबीएल ही आपल्याकडची प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था. ती आयएसओ/आयईसी १७०२५ या जागतिक मानकावर चालते, त्याची सध्याची आवृत्ती २०१७ ची. बाहेरचे तपासनीस येतात, काटा कधी प्रमाणित केला त्याचा कागद मागतात, रसायनाच्या बाटलीवर उघडल्याची तारीख आहे का बघतात, पाकीट कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेलं त्या सह्या मोजतात. आणि सगळ्यांत बोचरी गोष्ट: तोच नमुना अनेक प्रयोगशाळांना पाठवून उत्तरं ताडून बघितली जातात. शिवाय ही मान्यता इमारतीला नसते, चाचणीला असते. पाणी तपासायची मान्यता असलेली प्रयोगशाळा गांजासाठी मान्यताप्राप्त होत नाही. ‘आमची लॅब एनएबीएल आहे’ असं कोणी म्हणालं की मी लगेच विचारते, कशासाठी?

हे नसलं की काय होतं, ते अमेरिकेतल्या बॉस्टननं पाहिलं. तिथल्या सरकारी अमली पदार्थ प्रयोगशाळेत अ‍ॅनी डूकन नावाची रसायनतज्ज्ञ इतरांच्या कितीतरी पट नमुने निकालात काढायची. वरिष्ठ खूश. २०१२ मध्ये उघड झालं की पुष्कळ नमुने तिनं तपासलेच नव्हते, नुसते बघून निकाल लिहिले होते. २०१३ मध्ये तिनं गुन्हा कबूल केला आणि २०१७ मध्ये तिच्यामुळं डागाळलेले २१,००० हून जास्त खटले रद्द करावे लागले. जिथं गांजाची विक्री कायदेशीर झाली तिथं दुसराच रोग. जास्त टीएचसीचा माल जास्त भावानं जातो, म्हणून जी प्रयोगशाळा आकडा फुगवून देईल तिच्याकडं उत्पादक जातात. कॅलिफोर्नियात १७०२५ ची मान्यता सक्तीची असूनही हे झालं, तेव्हा त्यांना २०२४ पासून सगळ्या प्रयोगशाळांवर मोजायची एकच ठरलेली पद्धत लादावी लागली. दुधाच्या संकलन केंद्रावर फॅट लावून घेणाऱ्या आमच्या नगरच्या शेतकऱ्याला यातलं काही वेगळं समजावून सांगायला नको. यंत्र खरं असून भागत नाही, ते कोणाच्या हाताखाली आहे हेही बघावं लागतं.

आपल्याकडचा विरोधाभास असा: भांगेच्या बियांचं तेल, पीठ वगैरे खाद्य म्हणून विकायला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२१ मध्ये परवानगी दिली. त्यात टीएचसी किती चालेल याच्या मर्यादा घातल्या आणि अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणं तो तपास मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच करावा लागतो. पुण्या-मुंबईच्या दुकानातल्या तेलाच्या बाटलीला हे संरक्षण आहे. गांजाच्या आरोपात दहा वर्षं आत जाऊ शकणाऱ्या माणसाला नाही. एनडीपीएस कायद्यात प्रयोगशाळेच्या मान्यतेची अट नाही. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेनं सात वर्षं आणि त्यावरच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञानं जागेवर जाणं बंधनकारक केलं. प्रयोगशाळांचं काम त्यानं वाढलं, मान्यतेचा शब्द त्यातही आला नाही.

पण माझी खरी तक्रार याच्याही आधीची आहे. उद्या सगळ्या प्रयोगशाळांना मान्यता मिळाली तरी ती प्रयोगशाळेच्या दारापाशी सुरू होते. माल त्याआधी बराच प्रवास करून आलेला असतो.

गांजाचा नमुना असतो २४ ग्रॅमचा, दोन प्रती. इतर अमली पदार्थांना पाच ग्रॅम पुरतात; गांजा, चरस आणि अफू यांना २४. एकसारखी पाकिटं असतील तर गांजाच्या चाळीस पाकिटांचा एक गट करून त्यातून नमुना काढता येतो. नियम सांगतो की माल आधी नीट मिसळून एकसारखा करा. पोत्यातल्या वाळलेल्या मालाचं ते एक वेळ होईल. शेतातून मुळासकट उपटलेल्या, पाच-सहा फूट उंच, ओल्या झाडांचं मिसळून काय करणार?

एका तालुक्याच्या ठाण्याचा हवालदार नमुने घेऊन आला होता. पाकिटात नुसते निवडक शेंडे, भरगच्च, पानसुद्धा नावाला. सोबतच्या पत्रात जप्तीचं वजन तीस किलोच्या वर. मी विचारलं, “दादा, हे वजन कशाचं?”

“झाडांचं, मॅडम.”

“मुळांसकट?”

“मुळं तोडली की. जमतील तेवढी.”

“आणि काडी?”

तो हसला. “मॅडम, शेतातल्या झाडाला काडी असतीच ना.”

माणूस खोटारडा नव्हता. त्याला पंचनाम्यात एक आकडा हवा होता आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतला सगळा माल काट्यावर टाकून तो मिळाला होता. नमुन्यासाठी त्यानं सगळ्यांत चांगले शेंडे निवडले, कारण ‘पॉझिटिव्ह’ यायला हवं. माझा रिपोर्ट त्या २४ ग्रॅमपुरता बरोबर होता: गांजा. दोषारोपपत्रात मात्र तो शब्द तीस किलोंना चिकटला. वाळवून, काडी काढून त्या मालाचं वजन वीस किलोच्या आत आलं असतं की बाहेर, हे मला कोणी विचारलं नाही आणि माझ्या कागदावर त्यासाठी रकानाही नव्हता. वीसच्या आत शिक्षा दहा वर्षांपर्यंत, कमीत कमीची अट नाही. वीसच्या वर दहापासून सुरुवात आणि जामीन जवळपास अशक्य.

सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये मोहनलाल प्रकरणात सांगितलं की नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढले पाहिजेत. डिसेंबर २०२२ च्या केंद्राच्या नियमांनी ती पद्धत लिहून दिली. शेंडे सोबत नसलेल्या पाना-बियांना गांजा म्हणता येत नाही, या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये जामीनही दिला आहे. रस्ता सुधारतोय, नाही असं नाही. पण दंडाधिकाऱ्यासमोर जे पाकीट भरलं जातं, त्यात काय निवडून घातलं आणि काय बाजूला टाकलं, हे अजूनही पंचनाम्यात फार थोड्या वेळा लिहिलेलं दिसतं. काडीला वेगळा दर लावणारा एकोणिसाव्या शतकातला अबकारी कारकून या बाबतीत आपल्यापेक्षा काटेकोर होता, असंच म्हणावं लागतं. अर्थात त्याला सरकारचे पैसे मोजायचे होते. आपल्याला माणसाची वर्षं मोजायची आहेत.

नगरच्या तरुण वकिलांना, आणि ठाण्यात मुद्देमाल सांभाळणाऱ्या कारकुनांनाही, माझं एवढंच सांगणं आहे. सीए रिपोर्ट हातात आला की आधी निकालाची ओळ वाचू नका. वजन ओलं केलं की वाळलेलं, ते पंचनाम्यात शोधा. मुळं, काडी, पानं, बिया वेगळ्या करून तोलल्या का, ते विचारा. २४ ग्रॅम कुठून आणि कसे काढले, कोणासमोर, ते विचारा. प्रयोगशाळेला गांजाच्या चाचणीसाठी मान्यता आहे का, असल्यास तिचा क्रमांक रिपोर्टवर का नाही, आणि त्या दिवशी कोरी नळी लावली होती का, याची नोंद मागा. मागितल्याशिवाय ती कोणी देणार नाही. मागितली तर द्यावी लागते, कारण ती नोंद ठेवणं हे आमचं कामच आहे.